वास येतो, नाव येत नाही : चोपडा तालुक्यातल्या एका वाइन-परीक्षकाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका वाइनरीच्या गुणवत्ता विभागात रुजू झालेल्या तरुणीचं आहे. वय सत्तावीस, शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं, घर चोपडा तालुक्यात, शेती केळी आणि कापसाची. त्याआधी ती जळगाव जिल्ह्यातच केळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. वाइन तिने कधी चाखलेली नव्हती. वडील माळकरी, घरात दारूचं नावही निघत नसे.

वाइनरीत साखर, आम्लता, सल्फर डायऑक्साइड मोजण्याचं तिचं काम पहिल्यापासून चोख होतं. अडचण आली ती सकाळच्या चाखणीत. टाक्यांमधून काढलेले नमुने चार-पाच जण रोज हुंगतात, तोंडात घेतात, थुंकतात आणि नोंद लिहितात. त्या नोंदींवरून वाइनमेकर ठरवतो की कोणती टाकी थंड करायची, कोणती पिंपात घालायची, कोणती कशात मिसळायची. तिची नोंद वाचून काहीच ठरवता येत नव्हतं. वरिष्ठांनी तिला स्पष्ट सांगितलं की येत्या हंगामाआधी हे सुधारलं नाही तर पॅनेलवर बसता येणार नाही. आपल्याकडे द्राक्षाची खरडछाटणी साधारण एप्रिलमध्ये होते, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे तिच्या हातात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ होता. मी जळगावात मसाले, चहा, लोणची अशा पदार्थांच्या चव-वासाची परीक्षा करणारे गट तयार करते. ती माझ्याकडे आली ती अशी.

जुन्या नोंदींत काय होतं

आधी तिची वही मागून घेतली. प्रत्येक लाल वाइनपुढे ‘ब्लॅकबेरी, प्लम, व्हॅनिला, स्मूद’. प्रत्येक पांढऱ्या वाइनपुढे ‘सिट्रस, ग्रीन अ‍ॅपल, फ्लोरल, रिफ्रेशिंग’. टाकी कोणतीही असो, द्राक्ष कोणतंही असो. विचारलं, ब्लॅकबेरी कधी खाल्ली आहेस? ती म्हणाली, “नाही मॅडम. पण बाटलीच्या मागे जे छापलेलं असतं तेच बरोबर असणार ना?”

तिच्या या उत्तरातच खरी अडचण होती. ती वाइन हुंगत होती, पण लिहीत होती ते लेबल. आणि ही सवय तिच्या एकटीची नाही. शिकायला येणारे बहुतेक जण आधी शब्द पाठ करतात आणि मग तो शब्द पेल्यात शोधत बसतात. शोधलं की सापडल्यासारखं वाटतं. त्यामुळे चुकतंय हे त्यांचं त्यांना कळत नाही.

पण निदान करण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी होती. तिचं नाकच कमी पडतं, की नाकाला कळलेलं शब्दापर्यंत पोचत नाही? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्यासाठी त्रिकोण चाचणी घेतली. तीन पेले समोर ठेवायचे, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. वर्णन करायचं नाही, फक्त बोट दाखवायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येणारच, म्हणून फेऱ्या पुष्कळ घ्याव्या लागतात आणि पेल्यांचा क्रम दर वेळी बदलावा लागतो. तिने वेगळा पेला अंदाजाने येईल त्याच्या कितीतरी जास्त वेळा ओळखला. शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या एकाच वाइनच्या दोन टाक्या, एक जरा जास्त तापमानाला आंबलेली, इतका बारीक फरकही तिने पकडला. म्हणजे नाक उत्तम होतं.

मग रंगाची परीक्षा. बोर्दो इथल्या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवूनही दिली. रंगवलेल्या पेल्याचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी वापरतात ते शब्द वापरले. शिकलेली माणसंसुद्धा डोळ्यांचं ऐकतात ते असं. आम्ही ओढणीने तिचे डोळे बांधले, सगळ्या वाइन एकाच तापमानाला आणल्या आणि पेले हातात दिले. डोळे बांधल्यावर ब्लॅकबेरी नाहीशी झाली. तिची जागा मात्र कोणत्याच शब्दाने घेतली नाही. ती बराच वेळ गप्प राहून म्हणायची, “ओळखीचा आहे, पण नाव येत नाही.”

वासाला नाव न सुचणं हा माणसाच्या नाकाचा जन्मजात दोष आहे असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. मलेशियाच्या जंगलात राहणाऱ्या जहाय लोकांवर असिफा माजिद आणि निकलस बुरेनहुल्ट यांनी केलेलं काम २०१४ साली आलं आणि त्या समजाला तडा गेला. जहाय लोक वासांची नावं रंगांच्या नावांइतक्याच सहजतेने सांगतात, कारण त्यांच्या रोजच्या जगण्यात वासाबद्दल सतत बोललं जातं. म्हणजे हे सरावाने येणारं आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखर उतरला. वरिष्ठांनी तिच्या नाकाबद्दल शंका घेतली होती, ती तिच्या मनात रुतून बसली होती.

बरण्या

वाइनचे वास शिकवण्यासाठी ५४ कुप्यांची एक फ्रेंच पेटी बाजारात मिळते. ती महाग आहे, पण माझा आक्षेप किमतीवर नाही. त्या कुप्यांतल्या निम्म्या फळांशी तिचं काही नातं नव्हतं. कुपीतला वास पुन्हा पाठच करावा लागला असता, आणि पाठांतर हाच तर तिचा रोग होता. त्याऐवजी अ‍ॅन नोबल यांची पद्धत घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत त्यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचं चक्र मांडलं. तीन वर्तुळं : सगळ्यात आत ढोबळ गट, म्हणजे फळ, फूल, मसाला, वनस्पती, लाकूड, मधे पोटगट, बाहेर नेमका वास. ‘सुरेख’, ‘डौलदार’, ‘संतुलित’ असले शब्द त्या चक्रात मुळातच घेतलेले नाहीत, कारण त्यांतून आवड कळते, वास कळत नाही. आणि प्रत्येक नेमक्या वासाचा नमुना स्वयंपाकघरातल्या वस्तूंपासून करता येतो. फारसा वास नसलेली साधी वाइन घ्यायची, तिच्यात ती वस्तू थोडा वेळ भिजवायची, काढून टाकायची, पेला झाकायचा. तोच संदर्भ.

आम्ही बरण्या भरल्या त्या जळगावच्या बाजारातून आणि तिच्या गावाकडून. एक अट मी घातली आणि तिच्यावर ठाम राहिले : बरणीतली वस्तू वाइनमधल्या वासासारखी ‘वाटते’ एवढं पुरणार नाही, शक्य तिथे दोन्हींतला वासाचा पदार्थ एकच असला पाहिजे. नाहीतर स्थानिक शब्दांचीही तशीच पोपटपंची सुरू होते.

पहिली बरणी अर्थातच केळीची. पिकलेल्या केळाचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा (फळासारख्या वासाच्या एका रसायनाचा) असतो, आणि आंबवताना यीस्टही हाच एस्टर तयार करतं. पांढरी वाइन कमी तापमानाला आंबवली की तो जास्त टिकतो; नव्या शेनिनमध्ये म्हणूनच स्पष्ट येतो आणि बाटलीत वर्षभरात बराच ओसरतो. आता ही मुलगी केळीच्या घरातली. कच्चा घड, रायपनिंग चेंबरमधून नुकताच बाहेर आलेला पिवळा घड, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं, आणि आतून आंबायला लागलेलं केळं, हे चारही वास तिला डोळे मिटून वेगळे सांगता येत होते. हे कौशल्य तिच्याकडे होतंच, पण वाइनच्या पेल्यात त्याची गरज असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या पुढच्या सगळ्या प्रगतीचा पाया हीच बरणी ठरली. ‘केळ्याचा वास’ एवढ्यावर न थांबता ती ‘ठिपके आलेलं केळं’ किंवा ‘हिरवट पिवळं केळं’ असं लिहू लागली, आणि आंबवण्याच्या कोणत्या टप्प्यावर काय येतं हे ताडून पाहू लागली.

ढोबळी मिरची ही दुसरी. तिच्यातला पायराझिन गटातला पदार्थ कॅबरने सोव्हिन्यों आणि सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षांतही असतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात असला तरी नाकाला कळतो. द्राक्ष पिकत जातं, घडावर ऊन पडतं, तसा तो कमी होतो. म्हणून लाल वाइनमध्ये हा वास जोरात आला तर काढणी घाईने झाली का, पानांची दाटी जास्त होती का, हे प्रश्न विचारता येतात. एका शब्दाच्या नोंदीतून वाइनमेकर थेट बागेपर्यंत पोचतो. नेमक्या शब्दाचा आग्रह मी धरते तो एवढ्यासाठी.

पिकलेला पेरू सोव्हिन्यों ब्लांसाठी. दोन्हींत थायॉल नावाचे गंधकयुक्त पदार्थ असतात. द्राक्षाच्या रसात ते बिनवासाच्या रूपात बांधलेले असतात आणि यीस्ट त्यांना मोकळं करतं, त्यामुळे रस हुंगला तर पेरू येत नाही, वाइन हुंगली की येतो. लवंग पिंपासाठी : लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातूनही वाइनमध्ये उतरतं. मिरी शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षासाठी : रोटनडोन हा पदार्थ मिरीतही असतो आणि शिराझमध्येही, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २००८ मध्ये दाखवून दिला. इथे एक गोष्ट घडली. तिच्यासोबत वाइनरीतला एक सहकारी कधीकधी सरावाला यायचा. त्याला मिरीची बरणी जवळजवळ बिनवासाची वाटायची आणि तो स्वतःवरच चिडायचा. रोटनडोनचा वास पाचातल्या साधारण एका माणसाला येतच नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. पॅनेलवर चार-पाच माणसं का लागतात याचं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे.

आणि भरीत. या बरणीबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळ्यालाही. पण भरीताची निम्मी चव वांग्यात आणि निम्मी धुरात असते. शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, पेटवून त्यावर भाजलेलं वांगं आणि गॅसवर भाजलेलं वांगं यांतला फरक खान्देशात लहान मुलालाही कळतो. लाकडातलं लिग्निन हे घटकद्रव्य जळताना ग्वायकॉल नावाचं रसायन तयार होतं. धुराच्या वासाचा मोठा भाग त्याचा. वाइनची पिंपं बनवताना आतून आगीवर शेकतात, तेव्हा ओकच्या लिग्निनपासूनही तेच तयार होतं आणि वाइनमध्ये उतरतं. भाजलेल्या वांग्याची कोरडी साल आम्ही बरणीत बंद केली. पिंपातली शिराझ हुंगून तिने लगेच मान हलवली. आधीच्या वहीत ती प्रत्येक लाल वाइनपुढे व्हॅनिला लिहीत होती. या बरणीनंतर तिला पिंपाचा हलका शेक आणि जास्त शेक वेगळे करता येऊ लागले, आणि व्हॅनिलाचा वास पिंपाच्या लाकडातून येतो हे कळल्यावर पिंपात न गेलेल्या वाइनपुढचा व्हॅनिला तिने स्वतः खोडला.

नंदुरबारकडच्या एका मैत्रिणीने मोहाची वाळलेली फुलं पाठवली होती. गोडसर, मनुक्यासारखा, थोडा जड असा तो वास उशिरा काढलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनमध्ये तिला वारंवार आठवायचा. वासाचा पदार्थ एकच आहे असं ठरवण्याइतका आधार माझ्याकडे नव्हता, म्हणून अटीप्रमाणे ही बरणी संदर्भात घेतली नाही. तिच्या खासगी वहीत मात्र मोह आहे, आणि तो तिथे असावाच.

घरचा प्रश्न

नोकरी वाइनरीत आहे हे घरी माहीत होतं. पण मुलगी रोज सकाळी वाइन तोंडात घेते हे कळल्यावर वडिलांनी बोलणं टाकलं. सराव थांबतो की काय अशी वेळ आली. मी चोपड्याला गेले. थुंकणं हा या कामाचा नियम आहे. दिवसाला पंचवीस-तीस नमुने पाहणारा माणूस गिळत राहिला तर दहाव्या नमुन्यानंतर त्याचं मत कुचकामी ठरतं. ही गोष्ट सांगून पटणारी नव्हती, दाखवावी लागली. ओसरीवर पिकदाणी ठेवली, तिने नमुना तोंडात घेतला, थुंकला, चूळ भरली, वहीत लिहिलं. वडील काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. नंतर त्यांनी एकच विचारलं, पगाराच्या कागदावर हुद्दा काय लिहिलाय. ‘गुणवत्ता परीक्षक’ ऐकून ते शेतात निघून गेले. त्यांचं मन पूर्ण वळलं असं मी म्हणणार नाही. सरावाला त्यांची हरकत राहिली नाही, एवढंच.

आईने मात्र त्या दिवशी आमचं मोठं काम केलं. तिला चाखायचं नव्हतं, आम्हीही आग्रह केला नाही. शेनिनचा पेला नुसता नाकाशी धरला आणि ती तत्क्षणी म्हणाली, “हाऊ ते पिकेल केयीना वास शे!” (हा तर पिकलेल्या केळ्याचा वास आहे!) लेकीने हेच लिहायला कितीतरी सराव केला होता. आईला लेबल माहीत नव्हतं, म्हणून तिच्या नाकाच्या आणि तोंडाच्या मधे काही आलं नाही. त्यानंतर एक नियम केला : पहिली नोंद मनात ज्या बोलीत येईल त्या बोलीत लिहायची, अहिराणीत आली तर अहिराणीत. उजवीकडच्या पानावर तिचा चक्रातला गट आणि वाइनरीत चालणारा शब्द. डावं पान तिचं, उजवं पान सगळ्यांचं. पऱ्हाट्यांचा धूर मुंबईहून आलेल्या खरेदीदाराला कळणार नाही. ‘धुराचा, पिंपाचा शेक जास्त’ हे कळेल. दोन्ही पानं लागतात. मात्र डावं पान कोरं असताना उजवं भरायचं नाही.

आणि न हुंगलेल्या फळाचं नाव लिहायचं नाही. ब्लॅकबेरीच्या जागी ‘काळं फळ’ लिहून मधल्या वर्तुळावर थांबायचं. ज्या वर्तुळापर्यंत खात्री आहे तिथपर्यंतच जायचं, हा माझ्या मते या सगळ्या विद्येतला सगळ्यात उपयोगी नियम आहे. दहा शब्दांच्या फुलोऱ्यापेक्षा खात्रीचे तीन शब्द वाइनमेकरच्या कामाचे असतात.

जिभेवरचं

वासाचं गाडं रुळावर आलं तरी तोंडातल्या नोंदींत एक गोंधळ होता : ‘तिखट’. मिरचीचा तिखटपणा हा वासही नाही आणि चवही नाही. कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. वाइनमध्ये मिरची नसते, पण अल्कोहोल जास्त असलं की घशाशी तशीच ऊब लागते. तिच्या वहीत अल्कोहोलची ऊब, आम्लतेची झिणझिण आणि शिराझची मिरी असे तिन्ही ‘तिखट’ होते. ते वेगळे करायला साधं काम केलं. मिरी नाक बंद करून चाखली की तिचा वास जातो आणि फक्त झोंबणं उरतं. नाक सोडलं की वास परत येतो, कारण तोंडातून मागच्या बाजूने हवा नाकात पोचते. सर्दीत जेवण बेचव लागतं ते हा रस्ता बंद झाल्यामुळे. वाइन तोंडात धरून थोडी हवा आत ओढतात, ती याच रस्त्यासाठी.

आंबटाचे नमुने सोपे होते. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि तेच चिंचेत. हिरव्या सफरचंदात मॅलिक, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक. काही वाइनमध्ये जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक करतात, तेव्हा आंबटपणाची धार बोथट होते आणि डायअसेटिल या पदार्थामुळे लोण्याचा वास येतो. चिंचेचं पाणी आणि ताक आळीपाळीने घेऊन हा बदल तिला एका बैठकीत समजला.

तुरटपणासाठी मी चहाचा कडक अर्क तयार ठेवला होता. तिने केळफूल आणलं. कच्चं केळं आणि केळफूल यांत टॅनिन असतं. चिरताना हातांना डाग पडतात आणि नीट न शिजवलेली भाजी तोंड ओढून धरते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, म्हणून जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. ही चव नाही, स्पर्श आहे. केळफुलाचा तुरटपणा हिरड्यांवर खरखरीत लागतो, चहाचा जिभेवर पसरतो. लाल वाइनच्या टॅनिनचं ‘कुठे आणि कसं’ लिहायला तिने हीच दोन टोकं धरली.

सरावाच्या जागेबद्दल दोन शब्द. खान्देशी घरात वासाची परीक्षा घेणं कठीण आहे. फोडणी, काळा मसाला, देवघरातली उदबत्ती, केसांचं तेल, सगळं पेल्यात शिरतं. खोली स्वयंपाकघरापासून लांबची, वेळ सकाळी नाश्त्याआधीची, शेवभाजी आदल्या रात्रीही नको. पेला वर निमुळता होत जाणारा घ्यावा. चाखणीसाठी ठरलेला प्रमाण पेला साधारण २१५ मिलीलीटरचा असतो आणि त्यात ५० मिलीलीटर ओततात, वरची रिकामी जागा वासासाठी. आधी पेला न हलवता हुंगायचा, मग फिरवून. लांब श्वास नको, छोटे छोटे घ्यावेत. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगायची. आणि तापमान : पांढरी वाइन ८ ते १२ अंश, लाल १५ ते १८. आपल्याकडे ‘रूम टेंपरेचर’ म्हणून लाल वाइन कपाटातून काढून देतात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, त्या पेल्यातून अल्कोहोलच्या भपक्याशिवाय काही येणार नाही. लाल वाइनही फ्रिजमध्ये ठेवावी आणि ओतण्याआधी थोडा वेळ बाहेर काढावी, यात संकोच करू नये.

हंगामात

जानेवारीत ती परत गेली. त्या हंगामातली एक घटना नोंदवण्यासारखी आहे. आंबत असलेल्या एका टाकीच्या नमुन्यावर बाकीच्यांनी लिहिलं होतं, ‘वास बंद, नंतर पाहू’. तिच्या डाव्या पानावर होतं, ‘उकडलेलं अंडं सोलताना’. उजव्या पानावर, ‘गंधकयुक्त, हायड्रोजन सल्फाइड, सौम्य’. रसात नायट्रोजन कमी पडलं की यीस्ट हा वायू सोडतं. तिने दोन पेले घेतले आणि एकात तांब्याची स्वच्छ नाणी टाकली. तांबं हायड्रोजन सल्फाइडला बांधून घेतं. त्या पेल्यातला वास गेला, दुसऱ्यातला राहिला. ही फक्त परीक्षा आहे, तो पेला नंतर ओतून द्यायचा. वाइनमेकरने त्याच दिवशी यीस्टला पोषण दिलं आणि टाकीला हवा दिली. ‘बंद’ या शब्दावरून हे करता आलं नसतं. वायू तसाच राहिला असता तर पुढे त्याचे असे गंधकयुक्त पदार्थ होतात की ते तांब्यालाही दाद देत नाहीत.

दोषांच्या वासांत तिचं नाक पुढे आहे, आणि त्याचं कारणही गावाकडचं आहे. ओल्या गोणपाटाचा कुबट वास तिला लगेच कळतो. बाटलीच्या बुचातून वाइनमध्ये उतरणारं टीसीए हे रसायन साधारण तसंच येतं. रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या जुन्या वाइनमधला रॉकेलसारखा वास तिने पहिल्याच वेळी ओळखला, आणि थोडा असेल तर तो त्या द्राक्षाचा स्वभाव मानतात हे तिला समजावून सांगावं लागलं. जिओस्मिनचं मात्र तिला फार नवल वाटलं. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर काळ्या जमिनीतून जो वास उठतो त्यात मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं जिओस्मिन असतं. कुजलेल्या घडांतून तेच वाइनमध्ये आलं तर तो दोष. तिला हे पटायला वेळ लागला आणि मला तिचा हा हट्ट आवडला. पेल्यात काय आहे ते आधी लिहायचं, चांगलं की वाईट ते नंतर ठरवायचं, हे तिने त्या वासावरून घट्ट धरलं.

पॅनेलवरची तिची जागा पक्की झाली. पांढऱ्या वाइनच्या तिच्या नोंदी आता वाइनमेकर आधी वाचतो. लाल वाइनमध्ये ती अजून अडखळते. पिंपात मुरलेली शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यों समोर आल्या की धूर आणि लवंग इतकी पुढे येतात की मिरी आणि ढोबळी मिरची मागे पडतात, आणि मग ती द्राक्ष चुकते. यावर उपाय म्हणून आम्ही एकाच द्राक्षाच्या पिंपातल्या आणि स्टीलच्या टाकीतल्या वाइन शेजारी ठेवून सराव सुरू केला आहे.

काळ्या फळांच्या बरण्याही अपुऱ्या आहेत. मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून करवंदं आणि पाठोपाठ जांभळं आणून गोठवायची असं ठरलं आहे. वाइनरीत येणाऱ्या एका पाहुण्याने युरोपातून ब्लॅककरंटचा गोठवलेला गर आणायचं कबूल केलं आहे, म्हणजे तो शब्दही तिला निदान एकदा हुंगून वापरता येईल. आईने पुढच्या वेळी लाल वाइन हुंगायला मागितली आहे. तिची नोंद वेगळ्या कागदावर घेणार आहोत, लेकीची वही तिला न दाखवता.